गार्नेटच्या पोटात काय काय असतं

गार्नेट असलेला खडक घासून घासून ०.०३ मिलिमीटर इतका पातळ केला, काचेवर चिकटवला, पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि दोन्ही पोलरायझर (एकाच दिशेने कंपणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या गाळण्या) एकमेकांना आडवे केले की गार्नेट काळं पडतं. पूर्ण काळं. खालची फिरती चकती, म्हणजे स्टेज, कितीही फिरवा, काही फरक नाही, कारण हे घन (क्यूबिक) प्रणालीतलं खनिज, प्रकाशाला याच्या आत सगळ्या दिशा सारख्याच. आजूबाजूला फेल्डस्पार राखाडी-पांढरं होतंय, बायोटाइट रंग बदलतंय, आणि मधोमध हे जणू कापून काढल्यासारखं रिकामं. पण त्या काळ्यात झिरकॉनचा किंवा क्वार्ट्झचा एखादा बारीक दाणा अडकलेला असेल तर कधीकधी त्याच्याभोवती फिकट उजेड दिसतो, चार पाकळ्यांचा, मधून काळी फुली गेलेला. हा उजेड दाण्याचा नाही, गार्नेटचाच आहे. आतल्या दाण्यामुळे भोवतालच्या अणूंच्या जाळीवर ताण आलाय, ती तेवढ्यापुरती किंचित वाकलीये, आणि तेवढ्याच भागात सगळ्या दिशा सारख्या राहिलेल्या नाहीत, म्हणून प्रकाश निसटतो.

या पूर्ण विषयात मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. क्रिस्टलमध्ये अडकलेल्या परक्या खनिजाला इन्क्लूजन म्हणतात आणि बहुतेक वेळा त्याच्याबद्दल बोलताना असं वाटतं की जणू मॅग्मातली, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातली, एक वस्तू डबाबंद होऊन आपल्यापर्यंत जशीच्या तशी आली, आता फक्त उघडून वाचायची. तसं नसतं ना. एकटं क्वार्ट्झ काहीच सांगत नाही, क्वार्ट्झ जगात सगळीकडे असतं, आणि एकटं गार्नेट थोडंफार सांगतं पण मोघम. माहिती असते ती दोघांच्या न जुळण्यात. कोण किती दबतं, कोण किती फुगतं, कोणाला कुठलं मूलद्रव्य हवं आणि कोण काय नाकारतं, या फरकांमध्ये. दोन्ही खनिजं सगळ्या बाबतीत सारखी असती तर खोलीचा आणि तापमानाचा पत्ताही लागला नसता.

आधी गार्नेटबद्दल थोडं, कारण मॅग्मात गार्नेट ही तशी नेहमीची गोष्ट नाही. बहुतेक गार्नेट रूपांतरित खडकांत वाढतं, म्हणजे न वितळता, घन अवस्थेतच, चिखलापासून बनलेला खडक खोल गाडला जाऊन तापला की. याची रचना मोठी घट्ट आहे. सिलिका चतुष्फलकं (एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन) सुटी सुटी, त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमसाठी एक जागा, आणि लोह, मॅग्नेशियम, मँगनीज, कॅल्शियम यांच्यासाठी दुसरी मोठी जागा जिच्याभोवती आठ ऑक्सिजन असतात. लोह जास्त असेल तर अल्मंडाइन, मॅग्नेशियम जास्त तर पायरोप, मँगनीज जास्त तर स्पेसारटाइन, कॅल्शियम जास्त तर ग्रॉस्युलर. प्रत्यक्षात कुठलंच शुद्ध नसतं, सगळ्यांची भेसळ. घनता पाण्याच्या साडेतीन ते सव्वाचार पटीच्या आसपास, म्हणजे क्वार्ट्झ-फेल्डस्पारच्या मानाने चांगलंच जड, आणि अशी घट्ट रचना दाबाखाली टिकते, दाब कमी झाला की जास्त मोकळ्या रचनेची खनिजं, म्हणजे प्लॅजिओक्लेज, कॉर्डिएराइट वगैरे, तिची जागा घेतात.

त्यामुळे मॅग्मातून गार्नेट तयार व्हायचं तर दोनच सरळ मार्ग. एक म्हणजे मॅग्मा खोल असायला हवा, किंवा मग त्याच्यात ॲल्युमिनियम भरपूर आणि मँगनीज बऱ्यापैकी हवं, कारण मँगनीज असलं की गार्नेट कमी दाबालाही टिकतं. ग्रॅनाइटच्या शेवटच्या उरलेल्या द्रवातून जे पेग्मटाइट आणि ॲप्लाइट बनतात त्यांच्यात लालसर-नारिंगी स्पेसारटाइनयुक्त गार्नेट सापडतं ते याचमुळे, ते खोलीचं लक्षण नाही. १९६८ मध्ये ग्रीन आणि रिंगवुड यांनी प्रयोगशाळेत अँडेसाइट-डेसाइट या ज्वालामुखी खडकांसारखे मॅग्मा वेगवेगळ्या दाबाखाली वितळवून पाहिले आणि दाखवलं की खोल कवचातल्या दाबाला अशा मॅग्मातून अल्मंडाइनयुक्त गार्नेट थेट क्रिस्टल होऊन बाहेर पडतं. पुढे ग्रीन यांनी १९७७ मध्ये हेही मांडलं की गार्नेटमधल्या कॅल्शियम आणि मँगनीजवरून दाबाचा अंदाज घेता येतो. ढोबळ मानाने कॅल्शियम जास्त आणि मँगनीज कमी असेल तर खोलवरचं. हंगेरीच्या उत्तरेला बोरझोनी आणि विशेग्राडच्या डोंगरांतल्या मायोसीन काळातल्या अँडेसाइट-डेसाइटमध्ये असं गार्नेट मिळतं, आणि ज्वालामुखीच्या खडकात गार्नेट मिळणं हीच मुळात एक बातमी असते. मॅग्मा हळूहळू वर आला असता तर वाटेतच ते अस्थिर होऊन त्याच्या कडेने दुसऱ्याच खनिजांची झालर तयार झाली असती, ती वाढत वाढत आत गेली असती आणि शेवटी गार्नेट संपलं असतं. ते शाबूत पोचलंय म्हणजे मॅग्मा घाईत होता.

आता आतल्या दाण्यांकडे. एखादं खनिज क्रिस्टलच्या आत कसं शिरतं याला तीन शक्यता धरतात: ते आधीपासून होतं आणि वाढणाऱ्या गार्नेटने त्याला गिळलं, किंवा दोघं एकाच वेळी वाढले, किंवा मग नंतर, क्रिस्टल पूर्ण झाल्यावर, चिरेतून शिरलेल्या द्रवातून किंवा क्रिस्टलच्या आतूनच वेगळं निघून ते तयार झालं. ऐकायला सोपं आहे, पण प्रत्यक्षात पहिल्या दोनांमधला फरक ओळखणं हेच निम्मं काम असतं. गोलसर, कडा झिजलेला दाणा दिसला तर तो आधीचा असावा असं वाटतं, कारण मॅग्माने त्याला थोडं विरघळवलेलं असणार. दाण्यांची ओळ गार्नेटच्या बाहेरच्या पैलूंना समांतर जात असेल तर ती वाढीच्या काळातली, म्हणजे त्या क्षणी क्रिस्टलचा पृष्ठभाग तिथे होता. आणि बारीक ठिपक्यांची माळ सरळ रेषेत एका कडेपासून आत गेलेली, पैलूंचा काही मुलाहिजा न ठेवता, शेजारच्या दाण्यातही घुसलेली दिसली, तर ती भरून निघालेली चीर आहे, तिचा वाढीशी संबंध नाही.

वाढीचा वेगही यात दिसतो. हळू वाढणारं क्रिस्टल पृष्ठभागावर येऊन टेकलेला कण बऱ्याचदा पुढे ढकलत नेतं, वेगाने वाढणारं त्याला आत घेऊन मोकळं होतं. त्यामुळे एकाच गार्नेटमध्ये मधला भाग दाण्यांनी गच्च आणि बाहेरचा काचेसारखा स्वच्छ असं दिसलं की पहिला विचार येतो तो सुरुवातीला घाई आणि नंतर निवांतपणा असा. पेग्मटाइटमध्ये तर मॅग्मा इतका अतिशीत होतो, म्हणजे क्रिस्टल व्हायच्या तापमानाच्या बराच खाली जाऊनही द्रवच राहतो, की एकदा सुरुवात झाली की गार्नेट आणि क्वार्ट्झ एकमेकांत बोटं गुंफल्यासारखे वाढतात. तिथे यजमान कोण आणि पाहुणा कोण हा प्रश्नच निरर्थक होतो.

मॅग्मातल्या गार्नेटमध्ये सहसा सापडणारी मंडळी ठरलेली आहेत. झिरकॉन, ॲपेटाइट, इल्मेनाइट, कधी मोनाझाइट, मग प्लॅजिओक्लेज, बायोटाइट, क्वार्ट्झ. यांच्यावरून क्रिस्टल होण्याचा क्रम लावता येतो. गार्नेटच्या मध्यभागी प्लॅजिओक्लेज आहे पण क्वार्ट्झ नाही, आणि बाहेरच्या भागात दोन्ही आहेत, तर क्वार्ट्झ मधेच कधीतरी आलं. मला विचाराल तर यात जे नाहीये ते जास्त बोलकं असतं, फक्त त्याच्यावर विसंबायला नजर आणि भरपूर नमुने लागतात, कारण एका काचेवरच्या एका गार्नेटमध्ये क्वार्ट्झ दिसलं नाही याचा अर्थ मॅग्मात नव्हतं असा होत नाही, कदाचित घासताना आपण त्या पातळीतून गेलोच नसू.

आणि इथे एक बारकावा आहे जो मला फार महत्त्वाचा वाटतो, तरी बऱ्याच ठिकाणी तो घाईत उरकला जातो. गार्नेट वाढताना आपल्याला हवं ते घेतं, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, आणि नको ते ढकलून देतं. झिरकोनियम आणि फॉस्फरसला त्याच्या जाळीत फारशी जागा नाही. वाढ वेगात असेल तर ही नाकारलेली मूलद्रव्यं मॅग्मात दूर पसरायच्या आतच क्रिस्टलच्या पृष्ठभागाला लागून साचतात, आणि तो पातळ थर एकटाच इतका संपृक्त होतो की तिथे झिरकॉन किंवा ॲपेटाइट तयार होतं, जरी बाकीच्या मॅग्मात त्यांची वेळ अजून आलेली नसली. बेकन यांनी १९८९ मध्ये हे चांगलं मांडून दाखवलं होतं, मोठ्या क्रिस्टलला चिकटून वाढणाऱ्या बारीक खनिजांबद्दल. म्हणजे गार्नेटमध्ये भरपूर ॲपेटाइट सापडलं म्हणून पूर्ण मॅग्मा फॉस्फरसने संपृक्त होता असं लिहून टाकता येत नाही. त्या दाण्याने बघितला तो काही मायक्रोन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर, मॅग्मा नाही. हे एकदा डोक्यात बसलं की इन्क्लूजनची यादी वाचताना प्रत्येक वेळी मनात प्रश्न येतो की हा दाणा मॅग्माबद्दल सांगतोय की गार्नेटने स्वतःभोवती करून ठेवलेल्या गर्दीबद्दल.

बरं, एवढं सगळं करून ते गार्नेट मुळात मॅग्मातलंच आहे हे कोणी ठरवलं? ग्रॅनाइटमध्ये गार्नेट दिसतंय एवढ्यावरून ते तिथेच जन्मलं असं होत नाही. चॅपेल आणि व्हाइट यांनी १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रॅनाइटवरून आय-टाइप आणि एस-टाइप असे दोन प्रकार मांडले, त्यातले एस-टाइप म्हणजे गाळाच्या खडकांचं रूपांतर होऊन, ते वितळून बनलेले. त्यांचं म्हणणं असं होतं की मॅग्मा वर येताना न वितळलेला चोथाही सोबत आणतो, रेस्टाइट म्हणतात त्याला, आणि ग्रॅनाइटमधली बरीच खनिजं खरं तर त्या चोथ्यातली. यावर पुढे जोरदार वाद झाले आणि सगळ्यांनी काही ते मान्य केलेलं नाही. गार्नेटच्या बाबतीत मात्र आतले दाणे पंच म्हणून उपयोगी पडतात. मध्यभागी सिलिमनाइट या खनिजाच्या सुया, त्याही एका दिशेला लागलेल्या, जणू जुन्या खडकातलं पदर-पदर वळण तसंच आत राहून गेलंय, असं दिसलं तर तो भाग मॅग्मात वाढलेला नाही, रूपांतरित खडकातून उचलून आणलेला आहे. आणि त्याच्याभोवती स्वच्छ कडा, तिच्यात सुया नाहीत, उलट झिरकॉन-ॲपेटाइटचे सुबक दाणे, तर ती कडा मॅग्मातली. एकाच दाण्यात दोन वेगवेगळे जन्म. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातल्या व्हायलेट टाउनच्या डेव्होनियन काळातल्या ज्वालामुखी खडकांत गार्नेट, कॉर्डिएराइट आणि ऑर्थोपायरॉक्सिन एकत्र दिसतात, तिथे तर कोण कुठून आलं हे सोडवल्याशिवाय दाब-तापमानाचं कुठलंच गणित मांडण्यात अर्थ नाही.

रासायनिक पट्टेही इथे मदतीला येतात. रूपांतरित खडकात वाढलेल्या गार्नेटमध्ये मँगनीज मध्यभागी जास्त आणि कडेला कमी असतं, कारण गार्नेटला मँगनीजची भारी हाव, सुरुवातीलाच आजूबाजूचं सगळं ओढून घेतं आणि मग शिल्लक राहत नाही. हॉलिस्टर यांनी १९६६ मध्ये हे गणितात बसवलं होतं. ग्रॅनाइट-पेग्मटाइटमध्ये मात्र बरेचदा उलटं दिसतं, मँगनीज कडेकडे वाढत जातं. पण फार तापलेल्या गार्नेटमध्ये, साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या वर बराच काळ राहिलं तर, हे पट्टे विसरून-पसरून सपाट होतात. आतले दाणे मात्र जागेवर राहतात, म्हणून माझा भरवसा आधी त्यांच्यावर.

मॅग्मातलं आणि रूपांतरित यांच्या अगदी मधोमध असलेला एक प्रकार आहे आणि मला वाटतं सगळ्यात रंजक तोच. बायोटाइट, सिलिमनाइट आणि क्वार्ट्झ असलेला खडक पुरेसा तापला की वितळायला लागतो, आणि त्या प्रक्रियेत द्रव आणि गार्नेट दोन्ही एकदमच तयार होतात. म्हणजे गार्नेट द्रवातून थंड होताना पडलेलं नाही, द्रव तयार होताना त्याच्यासोबत जन्मलेलं आहे. आणि जन्मतानाच ते त्या ताज्या द्रवाचे थेंब आत पकडतं. खडक वितळायला लागला त्या वेळचा पहिला मॅग्मा, अजून कुठे वाहून गेलेला नाही, कशात मिसळलेला नाही, असा थेंब म्हणजे भूवैज्ञानिकाला दुसरं काय हवं.

थेंब अडकतात ही कल्पना जुनी आहे. शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८५८ मध्ये क्रिस्टलच्या सूक्ष्म रचनेवर एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी द्रव भरलेल्या पोकळ्या, काच भरलेल्या पोकळ्या आणि दगड झालेल्या पोकळ्या अशी वेगळी वेगळी नावं दिली होती, आणि हेही सांगितलं की द्रवाच्या आतला छोटा बुडबुडा थंड होताना द्रव आकसल्यामुळे येतो, तेव्हा परत तापवून बुडबुडा नाहीसा होईपर्यंत नेलं की क्रिस्टल कोणत्या तापमानाला बनलं याचा अंदाज लागेल. डोंगर मायक्रोस्कोपने बघायचे नसतात म्हणून त्यांची थट्टा झाली होती म्हणे. पुढे या विषयाचा पाया तोच ठरला.

गार्नेटमधले थेंब मात्र बरीच वर्षं कोणी फारसे मनावर घेतले नाहीत, विशेषतः हळू थंड झालेल्या खडकांतले. स्पेनच्या आग्नेय टोकाला निहारजवळ एल ओयाझो नावाचा डेसाइटचा जुना ज्वालामुखी आहे, त्याच्या खडकात वितळत असलेल्या कवचाचे तुकडे सापडतात आणि त्यांच्यातल्या गार्नेटमध्ये काचेचे थेंब आहेत, कारण उद्रेकात सगळं झटक्यात थंड झालं आणि द्रवाला क्रिस्टल व्हायला वेळच मिळाला नाही. ते ठीक. पण जो खडक खोलवर लाखो वर्षं हळूहळू थंड होत गेला त्याच्यात थेंब कसा ओळखणार? तो तर कधीच दगड झालेला असणार. २००९ मध्ये बर्नार्डो चेझारे आणि सहकाऱ्यांनी केरळच्या खोंडालाइट पट्ट्यातल्या गार्नेटमध्ये नेमकं हेच दाखवलं. काही मायक्रोन आकाराची इन्क्लूजनं, बाहेरून गार्नेटच्याच पैलूंचा आकार घेतलेली, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मोठी करून पाहिली तर आत क्वार्ट्झ, फेल्डस्पार, बायोटाइट, म्हणजे अख्खा ग्रॅनाइट, फक्त केसाच्या जाडीपेक्षाही लहान जागेत. त्याला त्यांनी नॅनोग्रॅनाइट म्हटलं. आणि गंमत म्हणजे त्यांच्याच शेजारी सगळ्यात बारीक काही थेंब अजूनही काचच राहिले होते, इतक्या चिमुकल्या जागेत क्रिस्टलचं बीज धरायलाच अडचण येते म्हणून.

सॉर्बींच्या दगड झालेल्या पोकळ्या म्हणजे हेच की.

अशा थेंबाचं मूळ रसायन काढायचं तर त्याला परत वितळवावं लागतं. नुसतं तापवून चालत नाही, आतलं पाणी दाबाने गार्नेट फोडून निघून जातं, म्हणून बाहेरूनही तेवढाच दाब देत पिस्टन-सिलिंडर नावाच्या यंत्रात तापवतात आणि मग झटकन थंड करून काच करतात. तापमान जास्त झालं तर भिंतीचं गार्नेटच द्रवात विरघळायला लागतं आणि द्रवात लोह-मॅग्नेशियम खोटं वाढतं, कमी पडलं तर अर्धवट दाणे उरतात. मधली जागा अरुंद आहे. पण जमलं की काचेत पाणी किती होतं हेसुद्धा मोजता येतं, आणि मॅग्मातलं पाणी ही गोष्ट दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळवणं अवघड, कारण मॅग्मा वर येताना पहिलं निसटतं ते पाणीच. गार्नेट यासाठी भांडं म्हणून उत्तम, कडक आहे, आणि ठरलेल्या पातळ्यांवर फुटण्याची कमजोरी त्याच्यात नाही.

आता सुरुवातीच्या त्या चार पाकळ्यांच्या उजेडाकडे. रोझेनफेल्ड आणि चेज यांनी १९६१ मध्ये हा विचार मांडला की इन्क्लूजनभोवतीच्या ताणावरून दोघं कुठल्या दाब-तापमानाला एकत्र आले ते काढता येईल. क्वार्ट्झ गार्नेटपेक्षा चार-साडेचार पट जास्त दबतं. खोलवर गार्नेटने क्वार्ट्झला पकडलं तेव्हा पोकळीचा आकार आणि दाण्याचा आकार तंतोतंत एक होते. मग सगळं वर आलं, बाहेरचा दाब गेला, क्वार्ट्झला आता फुगायचंय पण गार्नेटची पोकळी तेवढी मोठी होत नाही. पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकून बसलेलं दार असतं तसं. हा उरलेला दाब आजही तिथेच आहे, खडक टेबलावर ठेवला असला तरी. लेझरचा किरण त्या दाण्यावर टाकून रामन वर्णपट (विखुरलेल्या प्रकाशातल्या रेषांची नोंद) घेतला की मोकळ्या क्वार्ट्झची मुख्य रेषा जी ४६४ प्रति सेंटीमीटरला यायला हवी ती थोडी पुढे सरकलेली दिसते, साधारण ९ एकक प्रति गिगापास्कल. एक गिगापास्कल म्हणजे अंदाजे ३५ किलोमीटर खोलीचा दाब. उरलेला दाब म्हणजे अर्थातच मूळचा दाब नाही, तिथून उलटं गणित करत मागे जावं लागतं, पण निदान सुरुवात एका मोजलेल्या रेषेपासून होते.

आणि मॅग्मातल्या गार्नेटमध्ये हेच कधीकधी उलटं होतं. क्वार्ट्झ तापमानाने फुगतंही गार्नेटपेक्षा जास्त. म्हणजे उथळ पण फार तापलेल्या जागी पकडलं गेलं असेल तर थंड होताना क्वार्ट्झ जास्त आकसतं, पोकळी तेवढी आकसत नाही, आणि दाणा दबलेला नसून चक्क ताणलेला राहतो. रेषा ४६४ च्या मागे जाते. ऋण दाब! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते मोजमापातली गडबड वाटावी इतकं विचित्र वाटलं, पण कारण साधं आहे. एकच खनिजजोडी, खोल थंड जागी एका दिशेला ढकलली जाते आणि उथळ गरम जागी दुसऱ्या. झिरकॉन गार्नेटसारखंच कडक असल्यामुळे त्याच्याकडून दाबापेक्षा तापमानाचा पत्ता जास्त चांगला लागतो, त्यामुळे एकाच गार्नेटमध्ये दोन्ही सापडले तर दाब-तापमानाच्या आलेखावर दोघांच्या रेषा एकमेकींना छेदतात आणि दाब-तापमान दोन्ही एकदम हाती येतात. अर्थात मॅग्माच्या तापमानाला गार्नेटही शंभर टक्के ताठ राहत नाही, बराच वेळ फार तापलेलं राहिलं तर भिंत हळूहळू वाकून ताण सोडून देते आणि मग मिळतो तो आकडा पकडल्याच्या वेळचा नसतो. यावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांपैकी मी नाही.

दाबाचा सगळ्यात नाट्यमय पुरावा मात्र मॅग्मातला नाही, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८४ मध्ये ख्रिश्चन शोपाँ यांनी पश्चिम आल्प्समधल्या दोरा मायरा इथल्या पायरोप गार्नेटमध्ये, जे तिथे वितभर आकाराचेही मिळतात, कोएसाइट दाखवलं. कोएसाइट म्हणजे सिलिकाचंच जास्त दाबाचं रूप, त्याला साधारण ९० किलोमीटर तरी खोली लागते. वर येताना त्याचं क्वार्ट्झ होताना आकारमान सुमारे १० टक्क्यांनी वाढतं आणि गार्नेटला आतून चिरा जातात, दाण्यापासून चहूकडे निघालेल्या. गार्नेटने दाब धरून ठेवला तिथेच थोडं कोएसाइट वाचलं. कवचाचा तुकडा इतका खोल जाऊन परत येतो यावर तोवर फारसं कोणी पैज लावली नसती. लडाखमध्ये त्सो मोरीरीच्या एक्लोजाइट या खूप दाबाखाली बनलेल्या खडकातल्या गार्नेटमध्येही पुढे कोएसाइट सापडलं.

चिरा पडल्या की मात्र कहाणी बिघडते. पाणी आत जातं, बायोटाइटचं क्लोराइट होतं, काचेचं मातीसारखं काहीतरी. चीर नसली तरी बायोटाइटवर जपूनच विसंबावं लागतं. गार्नेट आणि बायोटाइट यांच्यातल्या लोह-मॅग्नेशियमच्या वाटणीवरून तापमान काढायची फेरी आणि स्पीअर यांची १९७८ ची पद्धत खूप वापरली जाते, पण आत अडकलेलं बायोटाइट थंड होताना गार्नेटशी देवाणघेवाण चालूच ठेवतं, त्याचं लोह जातं, मॅग्नेशियम येतं, आणि दाणा छोटा असल्यामुळे तो पार बदलून जातो तर एवढ्या मोठ्या गार्नेटला फारसा फरकही पडत नाही. मग निघतं ते तापमान क्रिस्टल वाढल्याचं नाही, देवाणघेवाण थांबल्याचं.

रुटाइल या टायटॅनियमच्या खनिजाच्या सुयांवरून तर अजून भांडणं चालू आहेत. काही गार्नेटमध्ये केसांसारख्या बारीक सुया ठरावीक कोनांत लागलेल्या असतात, दगड गोल घासला की त्यांच्यामुळेच चार किंवा सहा किरणांचा तारा दिसतो. एक पक्ष म्हणतो की टायटॅनियम आधी गार्नेटच्या जाळीत विरघळलेलं होतं, थंड होताना किंवा दाब कमी होताना बाहेर पडलं, म्हणजे सुया हा फार जास्त दाब-तापमानाचा पुरावा. दुसरा म्हणतो की गार्नेट वाढतानाच पृष्ठभागावर सुया त्याच्याबरोबर वाढल्या, मग तसं काही सिद्ध होत नाही. सगळ्या गार्नेटना एकच उत्तर लागू व्हावं असा हट्ट का, हे मला कळत नाही.

वय काढणाऱ्यांना ही सगळी मंडळी नकोशी असतात हेही खरं. ल्युटेशियम-हाफ्नियम (एक किरणोत्सर्गी मूलद्रव्य आणि त्याच्यातून हळूहळू बनणारं दुसरं) पद्धतीने गार्नेटचं वय काढायचं तर झिरकॉन आत नको, कारण हाफ्नियम सगळं त्याच्यातच भरलेलं, तिथे एखादा जुना दाणा विरघळला तरी वय चुकतं. समॅरियम-निओडिमियममध्ये तीच अडचण मोनाझाइट या फॉस्फेट खनिजाची. म्हणून गार्नेट विरघळेल पण झिरकॉन नाही अशा बेताने आम्लं वापरतात, फॉस्फेट काढायला आधी सल्फ्युरिक आम्लात धुतात, आणि उरलेला गाळ फेकून देतात.

एक उलटा प्रकार राहिला, जिथे गार्नेटच आतला दाणा आहे आणि होस्ट आहे हिरा. मूर आणि गर्नी यांनी १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मॉनेस्टरी खाणीतल्या हिऱ्यांत असं गार्नेट दाखवलं ज्यात सिलिकॉन नेहमीपेक्षा जास्त होतं. खूप जास्त दाबाला पायरॉक्सिन हे दुसरं खनिज गार्नेटमध्ये विरघळायला लागतं आणि जितका दाब तितकं जास्त, त्यामुळे सिलिकॉन मोजलं की खोली कळते, आणि ती शेकडो किलोमीटरमध्ये येते. पण हिरा वर येताना ते पायरॉक्सिन बऱ्याचदा पुन्हा वेगळं निघतं, हिऱ्यातल्या गार्नेटमध्ये पायरॉक्सिनच्या पातळ पट्ट्या म्हणून. तेव्हा मोजताना गार्नेट आणि त्या पट्ट्या दोन्ही परत एकत्र धरून मूळचं रसायन काढावं लागतं, नाहीतर खोली आहे त्याहून बरीच कमी निघते.